विद्यापीठाचा दिंडी-दरवाजा

जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा सदासर्वदा उघडा नसे. त्याच्याच एका फळींत लहानसें दार ठेवलेलें असे. त्यास दिंडी म्हणत. दिंडींतून आंत शिरणारास मान लववावी लागे, उंबरा जपून ओलांडावा लागे. परंतु एकदां आंत गेल्यावर चौक सर्वांचा एकच. चौकांत उभ्या असलेल्या माणसास ‘तूं कोणत्या दारानें आलास?’ असें विचारणें असभ्यपणाचें समजलें जाई. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उच्च शिक्षणास गेल्या सव्वाशें वर्षांत अशीच एक दिंडी पाडली गेली. आपल्या गांवच्या स्वस्त कॉलेजांत पहिलीं दोन वर्षें शिकावें, आणि मग सरकारी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत प्रवेश करून पदवी पुरी करावी, अशी ही वाट आहे. ती कोणी व कशासाठीं पाडली, तिच्यावरून कोण चालले, आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्यावर ठेंचा कां लागतात, याचा इतिहास शिक्षणाविषयीं आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्याजोगा आहे.

आरंभीं एका नांवाचा खुलासा करणें अवश्य आहे. महाराष्ट्रांत १९७५ पासून अकरावी व बारावी या वर्गांस ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणण्याचा प्रघात पडला. अमेरिकेंतील ज्युनिअर कॉलेज तें नव्हे. तेथें बारा वर्षांचें शालेय शिक्षण संपल्यावर चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम सुरू होतो. त्या चारांपैकीं पहिलीं दोन वर्षें शिकविणारी स्वतंत्र संस्था म्हणजे तेथील ज्युनिअर कॉलेज होय. पुढें याच संस्थेस ‘कम्युनिटी कॉलेज’, म्हणजे त्या त्या गांवच्या लोकसमाजाचें कॉलेज, हें नांव मिळालें.

या कल्पनेचा उगम गरिबांविषयींच्या कळवळ्यांत नव्हता. तो विद्यापीठांच्या महत्त्वाकांक्षेंत होता. एकोणिसाव्या शतकांत अनेक अमेरिकन विद्वान् जर्मनींतील विद्यापीठांत शिकून परत आले. जर्मनींत ‘जिम्नॅशियम’ या नांवाच्या शाळा मुलांची भाषांची व गणिताची तयारी इतकी पक्की करून घेत, कीं विद्यापीठास प्राथमिक पाठ द्यावे लागत नसत, आणि अध्यापकांस आपल्या संशोधनांत मग्न राहतां येई. हें वैभव पाहून आलेल्या मंडळींस स्वदेशीं परतल्यावर आपलीं विद्यापीठें म्हणजे वरच्या दर्जाच्या शाळाच होत, असें वाटूं लागलें. कोवळ्या मुलांचीं पहिलीं दोन वर्षें कोणीतरी दुसऱ्यानें सांभाळावीं आणि विद्यापीठानें खऱ्या विद्येस वाहून घ्यावें, हा विचार मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष हेन्री टॅपन यांनीं १८५० नंतरच्या दशकांतच बोलून दाखविला होता. पुढें मिनेसोटा विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फॉलवेल यांनींही तोच पक्ष उचलून धरला. परंतु विचार बोलणें वेगळें आणि तो अमलांत आणणें वेगळें.

तो अमलांत आणण्याचें श्रेय विल्यम रेनी हार्पर यांना देतात. हे हिब्रू भाषेचे गाढे पंडित. वयाच्या अठराव्या वर्षीं त्यांनीं येल येथें डॉक्टर ही पदवी संपादन केली होती. शिकागो येथें नवें विद्यापीठ निघालें, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. १८९२ सालीं विद्यापीठाचे वर्ग उघडले तेव्हांच त्यांनीं चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दोन भाग केले, आणि १८९६ सालीं त्यांस ‘ज्युनिअर कॉलेज’ व ‘सीनिअर कॉलेज’ अशीं नांवें दिलीं. पहिला भाग पुरा करणारास १९०० पासून ‘असोसिएट’ ही लहान पदवी मिळूं लागली. हार्पर यांचा हिशेब व्यवहारी होता. ज्यास पुढें शिकण्याची ऐपत किंवा इच्छा नाहीं, त्यास दोन वर्षांनीं मानानें निरोप घेतां यावा. ज्या लहान कॉलेजांजवळ चार वर्षें नीट शिकविण्याइतका पैसा नाहीं, त्यांनीं दोनच वर्षें चांगलीं शिकवावीं. आणि ज्या माध्यमिक शाळा समर्थ आहेत, त्यांनीं एक मजला आणखी चढवावा.

असा मजला चढविणारी शाळा हार्पर यांना जवळच मिळाली. शिकागोपासून सुमारें चाळीस मैलांवर जोलिएट नांवाचें गांव आहे. चुनखडी दगडाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर त्याचा चरितार्थ चाले. तेथील माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनीं १९०१ सालीं शाळेच्याच इमारतींत कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे पाठ सुरू केले. आरंभींचे विद्यार्थी अवघे सहा. खाणींच्या व कारखान्यांच्या त्या गांवांतील मुलांना घर न सोडतां कॉलेजचा अभ्यास करतां आला, आणि तेथें केलेला अभ्यास विद्यापीठानें आपल्या हिशेबांत धरावा, अशी व्यवस्था झाली. अमेरिकेंतील सार्वजनिक ज्युनिअर कॉलेजांपैकीं अद्याप चालू असलेलें सर्वांत जुनें कॉलेज म्हणून जोलिएटचें नांव घेतात. सहा मुलांच्या त्या वर्गांत सर्व पुढील इतिहासाचें बीज होतें. कारण त्या वर्गाची सारी किंमत एका गोष्टीवर अवलंबून होती. येथें शिकलेलें तेथें मानलें जाईल काय?

या बीजाचा वृक्ष झाला तो मात्र दोन हजार मैल दूर, कॅलिफोर्नियांत. त्या राज्याचा विस्तार अफाट, वस्ती विरळ, आणि विद्यापीठें सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोंवतीं एकवटलेलीं. आंतील खोऱ्यांत द्राक्षें व गहूं पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास विद्यापीठांत जाणें म्हणजे परगांवीं बिऱ्हाड करण्याचा खर्च सोसणें. ही अडचण ओळखून राज्याच्या विधिमंडळाचे सभासद अँथनी कॅमिनेट्टी यांनीं १९०७ सालीं एक कायदा संमत करून घेतला. माध्यमिक शाळांनीं इच्छा असल्यास विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचे वर्ग चालवावेत, अशी परवानगी या कायद्यानें दिली. पैसा मात्र दिला नाहीं. इतिहासाचा विरोधाभास असा, कीं आपल्या राज्यांतील खेड्यांच्या मुलांना हें दार उघडून देणारे हेच कॅमिनेट्टी १९१३ सालीं सबंध देशाच्या आगंतुक-प्रवेश खात्याचे प्रमुख झाले, आणि हिंदी लोकांस अमेरिकेचें दार बंद करण्यासाठीं त्यांनीं आपलें वजन खर्च केलें. एकाच हातानें एक दार उघडावें व दुसरें लावावें, असें मनुष्यस्वभावांत पुष्कळदां दिसतें.

या परवानगीचा पहिला लाभ १९१० सालीं फ्रेझ्नो शहरानें घेतला. तेथील शाळांचे अधिकारी सी. एल्. मॅक्‌लेन यांनीं लोकांपुढें मांडलेला मुद्दा साधा होता. फ्रेझ्नोपासून जवळजवळ दोनशें मैलांच्या आंत कॉलेजचें शिक्षण घेण्याची सोयच नव्हती. अनेक पालकांना मुलांस पुढें शिकवावेंसें वाटे, पण इतक्या लांब पाठविण्याचें त्यांना सामर्थ्य नसे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यापक अॅलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन या दोघांनींही फ्रेझ्नोच्या उपक्रमास मनापासून पाठिंबा दिला. त्यांचा हेतु अर्थात् वेगळा होता. ठिकठिकाणीं अशीं कॉलेजें निघालीं म्हणजे आपलीं पहिलीं दोन वर्षें हळूहळू बंद करतां येतील, अशी त्यांना आशा होती. शेतकऱ्यास मुलगा घराजवळ हवा होता. विद्यापीठास तोच मुलगा आपल्यापासून दोन वर्षें दूर हवा होता. दोघांचे हेतु निराळे, पण मागणी एकच झाली, आणि म्हणून ती मान्य झाली.

पुढें काय झालें? ज्युनिअर कॉलेजें निघालीं. परंतु विद्यापीठांनीं आपलीं पहिलीं दोन वर्षें बंद केलीं नाहींत. शिकागोनें केलीं नाहींत, बर्कलीनें केलीं नाहींत, स्टॅनफर्डनेंही केलीं नाहींत. सिद्धान्ताप्रमाणें सर्व विद्यार्थी दिंडींतूनच यावयाचे होते. प्रत्यक्षांत मोठा दरवाजाही उघडाच राहिला. त्यामुळें तिसऱ्या वर्षाच्या वर्गांत दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारीं शेजारीं बसूं लागले. जे पहिल्यापासून तेथेंच होते, त्यांना अमेरिकेच्या शिक्षणशास्त्रांत ‘घरचे’ अशा अर्थाचें नांव मिळालें. दुसरे ‘बदलून आलेले’. आजच्या बहुतेक अडचणींचें मूळ या दुहेरी व्यवस्थेंत आहे. सर्वच जण एका वाटेनें आले असते, तर त्या वाटेची डागडुजी करणें विद्यापीठास भागच पडलें असतें.

तथापि कॉलेजें वाढत गेलीं. १९१७ च्या कायद्यानें कॅलिफोर्नियांतील या वर्गांना सरकारी मदत मिळूं लागली. १९२१ च्या कायद्यानें ज्युनिअर कॉलेजसाठीं स्वतंत्र जिल्हा स्थापण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षीं मोडेस्टो येथें असा पहिला जिल्हा झाला. १९२० सालींच सबंध देशांतील अशा कॉलेजांचा संघही स्थापन झाला होता.

या ठिकाणीं एका तांत्रिक गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. कारण तिच्याशिवाय पुढील कथा समजणार नाहीं. आपल्याकडे दीर्घकाळ पदवीचें माप परीक्षेनें होत आलें. मुंबई विद्यापीठाची इंटरमिजिएट परीक्षा पूर्वी जो उतरला, त्यानें ती कोणत्या कॉलेजांतून दिली हा प्रश्न गौण असे. कारण परीक्षा घेणारें विद्यापीठ एकच होतें. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें प्रत्येक अध्यापक आपल्या वर्गाची परीक्षा स्वतःच घेतो, आणि पदवीचें माप ‘युनिटां’नीं होतें. सहामाहींत आठवड्यास एक तास व्याख्यान असलें म्हणजे साधारणतः एक युनिट. अशीं साठ युनिटें झालीं कीं असोसिएट, आणि एकशेंवीस झालीं कीं बी. ए. किंवा बी. एस्. तेव्हां विद्यार्थी गांवच्या कॉलेजांतून विद्यापीठांत जातो, तेव्हां तो आपल्याबरोबर एक हिशेबाचा कागद घेऊन जातो. विद्यापीठाचा अधिकारी त्यांतील एकेक ओळ पाहून ठरवितो, कीं हें गणित आमच्या गणिताच्या तोडीचें आहे, हें रसायन अपुरें आहे, हा इतिहास मोजूं पण तुमच्या विषयासाठीं धरणार नाहीं. एका पेढीची हुंडी दुसऱ्या पेढीनें वटवावी किंवा परत करावी, तसाच हा प्रकार आहे. हुंडी परत झाली तर तोटा पेढीचा होत नाहीं. ती घेऊन येणाराचा होतो.

या वाटेनें गेलेल्यांत एक नांव जगास ठाऊक आहे. जॅकी रॉबिन्सन हा १९१९ सालीं जॉर्जिया संस्थानांत एका गरीब नीग्रो कुटुंबांत जन्मला. (त्या काळीं रूढ असलेला हा शब्द आज त्या समाजास मान्य नाहीं, कृष्णवर्णीय अमेरिकन असें म्हणणें योग्य.) बाप घर सोडून गेला. आई मॅली हिनें पांच मुलें घेऊन कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना गांठलें, आणि लोकांच्या घरीं धुणींभांडीं करून त्यांना वाढविलें. त्या श्रीमंत गांवांत नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीय मुलांना आठवड्यांतून एकच दिवस प्रवेश असे. अशा घरच्या मुलानें दूरच्या विद्यापीठाचें नांव काढणें शक्य नव्हतें. पण गांवांतच ज्युनिअर कॉलेज होतें. जॅकी तेथें १९३७ सालीं दाखल झाला, आणि १९३९ सालीं लॉस एंजेलीस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत बदलून गेला. तेथें त्यानें फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल व धांवणें-उड्या या चारही खेळांत विद्यापीठाचें मानचिन्ह मिळविलें. असा मान तेथें त्यापूर्वीं कोणासच मिळाला नव्हता.

परंतु त्याची कथा पदवीदानाच्या समारंभानें संपत नाहीं. १९४१ च्या वसंत ऋतूंत, पदवी अगदीं हाताशीं आली असतां, रॉबिन्सननें विद्यापीठ सोडलें. घरीं पैशाची चणचण होती. आणि कितीही शिकला तरी कृष्णवर्णीय माणसास योग्य काम मिळावयाचें नाहीं, अशी त्याची खात्री झाली होती. ही समजूत निराधार नव्हती. त्याचा थोरला भाऊ मॅक हा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें दोनशें मीटरच्या शर्यतींत दुसरा आला होता, आणि गांवीं परतल्यावर त्याच्या हातीं रस्ते झाडण्याचा झाडू आला होता. जॅकीनें १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या संघांतून मैदानांत पाऊल टाकलें, आणि बेसबॉलच्या वरिष्ठ सामन्यांतील वर्णभेदाची भिंत पाडली, हें सर्वश्रुत आहे. पण शिक्षणाच्या इतिहासकारास त्याच्या आयुष्यांत दुसरीही एक गोष्ट दिसते. दिंडी उघडी असली म्हणजे आंत जातां येतें. परंतु आंत टिकून राहण्यास घरांत धान्य आणि बाहेर आशा या दोन्हींची जरूर असते.

दुसऱ्या महायुद्धानें चित्र पालटलें. २२ जून १९४४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. या कायद्यानें सैनिकाच्या शिक्षणाची फी आणि निर्वाहाचा खर्च सरकारनें पत्करला. सुमारें बावीस लाख सैनिकांनीं त्याच्या आधारें कॉलेजचें व विद्यापीठाचें शिक्षण घेतलें. १९४७ सालीं कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. शेतावरचे, गिरणींतले, ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणीच कॉलेजचें तोंड पाहिलें नव्हतें असे हे तरुण. ते अभ्यासांत मागें पडतील असें भाकीत पुष्कळ विद्वानांनीं केलें होतें. तें सपशेल खोटें ठरलें.

हा अनुभव ताजा असतांनाच अध्यक्ष ट्रुमन यांनीं १९४६ सालीं नेमलेल्या उच्च शिक्षण समितीनें, जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखालीं, १९४७ सालीं आपला अहवाल सादर करण्यास आरंभ केला. देशांतील निदान शेंकडा ४९ लोकांची बुद्धि चौदा वर्षांचें शिक्षण पुरें करण्याइतकी आहे, असा या समितीचा अंदाज होता. तेव्हां बाराव्या वर्षानंतरचीं दोन वर्षें सर्वांस मोफत मिळावींत, त्यासाठीं गांवोगांव कॉलेजें असावींत, आणि त्यांस ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणावें, अशी शिफारस समितीनें केली. वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवण्याच्या पद्धतीचाही तिनें निषेध केला. त्या कलमास समितींतील चार सभासदांनीं विरोध नोंदविला. हार्पर यांच्या काळीं जी युक्ति विद्यापीठाचा भार हलका करण्यासाठीं निघाली होती, तिला या अहवालानें लोकशाहीचें तत्त्व म्हणून मान्यता दिली. दार तेंच राहिलें. त्याच्यावरची पाटी बदलली.

त्या तत्त्वाची सर्वांत काटेकोर मांडणी १९६० सालीं पुन्हां कॅलिफोर्नियानेंच केली. युद्धोत्तर काळांत जन्मलेलीं मुलें आतां कॉलेजच्या वयाला येऊं लागलीं होतीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकारानें जी योजना तयार झाली, ती ‘मास्टर प्लॅन’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्यावर आधारलेल्या कायद्यावर गव्हर्नर एडमंड ब्राउन यांनीं त्याच वर्षीं एप्रिलांत सही केली. माध्यमिक शाळांतून उतरलेल्या मुलांपैकीं वरच्या एकअष्टमांशांस कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशांस राज्य कॉलेजें, आणि उरलेल्या सर्वांस ज्युनिअर कॉलेज, अशी ही वांटणी होती. पूर्वीं विद्यापीठ सुमारें शेंकडा १५ मुलांस घेत असे आणि राज्य कॉलेजें जवळजवळ निम्म्यांस. म्हणजे नव्या योजनेनें मोठा दरवाजा अधिक अरुंद केला, आणि त्याबद्दल भरपाई म्हणून दिंडी कायमची उघडी ठेवण्याचें वचन दिलें. हें वचन केवळ शब्दांचें राहूं नये म्हणून योजनेंत आंकडेही घातले. वरच्या संस्थांनीं पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी शेंकडा ४० आणि पुढील वर्षांचे ६० या प्रमाणांत ठेवावे, म्हणजे खालून येणारांस जागा शिल्लक राहील, असा तो हिशेब होता. शाळेंत कमी गुण मिळालेल्या मुलासही ज्युनिअर कॉलेजांत नेमस्त गुण मिळविल्यावर विद्यापीठाचा हक्क प्राप्त होई. अठराव्या वर्षीं जो मागें राहिला त्यास विसाव्या वर्षीं दुसरी संधि मिळेल, हें सरकारी कायद्यानें मान्य करणें ही शिक्षणाच्या इतिहासांतील लहान गोष्ट नव्हे.

योगायोग असा, कीं ज्या वर्षीं हें वचन कायद्यांत उतरलें, त्याच वर्षीं त्याच राज्यांतून त्याजवर एक परखड टीका प्रसिद्ध झाली. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनीं सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास केला होता. दाखल होतांना बहुसंख्य मुलें ‘आम्ही विद्यापीठांत जाणार’ असें लिहून देत. प्रत्यक्षांत जाणारीं मात्र थोडीं असत. उरलेल्यांचें काय होई? क्लार्क यांच्या मतें कॉलेज त्यांना हळूहळू थंड करीत असे. ही संज्ञा त्यांनीं अर्व्हिंग गॉफमन या विद्वानाच्या १९५२ च्या लेखांतून घेतली होती. भामट्यांची टोळी एखाद्यास फसविते, तेव्हां त्यानें आरडाओरडा करूं नये म्हणून एक साथीदार मागें राहून त्याची समजूत घालतो. त्या क्रियेचें तें नांव. कॉलेजांत हें काम कोणी दुष्टपणें करीत नसे. तयारीचे वर्ग, चांचण्यांचे निकाल, सल्लागाराचे सौम्य शब्द यांच्या योगानें मुलाची आकांक्षा हलक्या हातानें दोन वर्षांच्या धंदेशिक्षणाकडे वळविली जाई, आणि शेवटीं हा निर्णय आपलाच आहे असें त्यास वाटे. दार उघडें ठेवून माणूस आंत जाणार नाहीं अशी व्यवस्था करतां येते, हें क्लार्क यांनीं दाखवून दिलें.

या टीकेच्या उलट बाजूचाही पुरावा आहे, आणि तो नमूद न करणें अन्यायाचें होईल. जीं मुलें खरोखर विद्यापीठांत गेलीं, तीं कशीं ठरलीं? जॉन हिल्स यांनीं १९६५ सालीं तोंपर्यंतच्या अनेक पाहण्यांचा आढावा घेतला. बदलून आल्यानंतरच्या पहिल्या सहामाहींत बहुधा गुण घसरतात. या घसरणीस त्यांनीं ‘बदलाचा धक्का’ असें म्हटलें. मोठे वर्ग, अनोळखी अध्यापक आणि ज्यांची मैत्री दोन वर्षांपूर्वींच जमली आहे असे सोबती यांच्यामध्यें एकट्यानें येऊन पडणें सोपें नसतें. परंतु पुष्कळांच्या बाबतींत हे गुण पुढें सांवरतात, असेंही त्यांना आढळलें. दिंडींतून येतांना मान लववावी लागली म्हणून उंची कमी झाली, असें समजण्याचें कारण नाहीं.

खरी हानि दुसरीकडेच होत होती. ती हुंडीच्या हिशेबांत होती. प्रत्येक विद्यापीठ, आणि पुष्कळदां एकाच विद्यापीठांतील प्रत्येक विभाग, आपापले नियम करी. अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयानें २०१७ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. २००४ ते २००९ या काळांत एका संस्थेंतून दुसरींत गेलेल्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांची सरासरी काढली, तेव्हां त्यांनीं मिळविलेल्या युनिटांपैकीं अंदाजें शेंकडा ४३ बदलींत बुडालीं, असें त्यांत दिसून आलें. या आंकड्यामागें माणसें आहेत. दिवसा दुकानांत काम करून रात्रीं वर्गांत बसलेल्या तरुणास सांगितलें जातें, कीं तुझें रसायन पुन्हां शिक. तें पुन्हां शिकण्यास फी पडते, आणि फीपेक्षांही मोलाचें असें आयुष्याचें वर्ष पडतें. श्रीमंताच्या घरीं एक वर्ष गेलें तर हळहळ वाटते. गरिबाच्या घरीं एक वर्ष गेलें तर बहुधा शिक्षणच जातें.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. फ्लॉरिडा राज्यानें तो १९७१ सालींच करून दाखविला. कम्युनिटी कॉलेजची असोसिएट पदवी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचें सर्वसाधारण शिक्षण पुरें झालें असें राज्यांतील सर्व सरकारी विद्यापीठांनीं मानावें, आणि त्यास तिसऱ्या वर्षाचा दर्जा द्यावा, असा करार तेथें झाला. त्याच दशकांत सर्व सरकारी संस्थांतील समान अभ्यासक्रमांस समान क्रमांक देण्याची पद्धतिही तेथें सुरू झाली. गोष्ट दिसण्यांत क्षुल्लक, एखाद्या कारकुनाच्या टिपणासारखी. पण इतिहासांत पुष्कळदां मोठ्या घोषणांपेक्षां असल्या कारकुनी कामानेंच गरिबाचें अधिक हित झालेलें आढळतें.

कॅलिफोर्नियानें, ज्यानें वचन सर्वांत मोठें दिलें होतें, हें कारकुनी काम मात्र फार उशिरां हातीं घेतलें. विनामूल्य शिक्षणाचें जुनें तत्त्व १९८४ सालीं सुटलें. त्या वर्षापासून कम्युनिटी कॉलेजांत युनिटमागें पांच डॉलर फी बसली, आणि २०१२ पासून ती ४६ डॉलर झाली. गरिबांस पुष्कळ प्रमाणांत माफी आहे हें खरें. २०१० सालीं अखेर एक कायदा झाला. ठरलेल्या साठ युनिटांची ‘बदलीची असोसिएट पदवी’ घेणारास राज्य विद्यापीठाच्या संघांत कोठेंतरी प्रवेश नक्की मिळेल, आणि तेथें त्याच्याकडून साठांहून अधिक युनिटें मागितलीं जाणार नाहींत, अशी हमी त्यानें दिली. वरिष्ठ समजलें जाणारें कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र या हमीनें बांधलें गेलें नाहीं. २०२१ सालीं आणखी दोन कायदे झाले. एकानें दोन्ही विद्यापीठ-संघांसाठीं सर्वसाधारण शिक्षणाची एकच यादी ठरविण्यास सांगितलें, आणि ती २०२५ च्या शरद ऋतूपासून लागू झाली. दुसऱ्यानें सर्व कम्युनिटी कॉलेजांतील अभ्यासक्रमांस समान क्रमांक देण्याचें ठरविलें. फ्लॉरिडानें जें पन्नास वर्षांपूर्वीं केलें, तें करण्याचा निश्चय ११६ कॉलेजें असलेल्या या राज्यानें अर्ध्या शतकानें केला.

मग या दीर्घ प्रयत्नाचा जमाखर्च काय? अमेरिकेंत कम्युनिटी कॉलेजांत पाऊल टाकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा सुमारें ८० जणांस पुढें बी. ए. किंवा तत्सम पदवी घेण्याची इच्छा असते. अलीकडील पाहण्यांप्रमाणें त्यांतील जवळजवळ एकतृतीयांशच विद्यार्थी चार वर्षांच्या संस्थेंत जाऊन पोंचतात, आणि सहा वर्षांच्या आंत पदवी हातीं पडते ती प्रवेश घेतलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें १६ जणांच्या. हे आंकडे वाचून कोणी म्हणेल कीं दिंडी हा केवळ देखावा आहे. पण तेंही खरें नाहीं. या वाटेनें गेलेलीं लक्षावधि माणसें शिक्षक, परिचारिका, अभियंते व संशोधक झालीं. यांतील पुष्कळांपुढें दुसरी वाटच नव्हती. वाट खोटी नाहीं. ती राखण्यांत कसूर झाली, एवढाच या आंकड्यांचा अर्थ आहे.

भारतांतही हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. विद्यापीठ अनुदान मंडळानें २०२१ सालीं नियम करून शैक्षणिक श्रेयांकांची पेढी स्थापन केली आहे. एका संस्थेंत मिळविलेले श्रेयांक तींत जमा करावे आणि दुसऱ्या संस्थेंत ते वापरावे, अशी तिची कल्पना आहे. ‘पेढी’ हा शब्द येथें अन्वर्थक आहे. पेढीची पत तिच्या इमारतीवर नसते. तिची हुंडी दुसऱ्या गांवीं वटते कीं नाहीं, यावर असते. जोलिएटच्या सहा मुलांपुढें १९०१ सालीं जो प्रश्न होता, तोच या पेढीपुढेंही आहे.

दिंडी पाडणें सोपें असतें. एक कायदा किंवा एक उदार पुढारी तेवढ्यास पुरतो. ती रोज उघडी ठेवणें, तिचा उंबरा झिजला तर बदलणें, आणि तींतून आलेल्या मुलास चौकांत इतरांच्या बरोबरीनें बसविणें, हें काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावें लागतें. अमेरिकेच्या या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत तेथील विद्यापीठांनीं पुष्कळ वेळां दार उघडलें, आणि आलेल्या मुलास ‘तूं कोणत्या दारानें आलास?’ असेंही पुष्कळ वेळां विचारलें. हा प्रश्न ज्या दिवशीं विचारला जाणार नाहीं, त्या दिवशीं १९६० च्या वचनाची पूर्तता झाली असें म्हणतां येईल.